किल्ल्यावरचा हिरवा शिपाई कुणी बनवला होता?

दिवाळीच्या आमच्या किल्ल्यावर दरवर्षी एक विचित्र देखावा असायचा. माथ्यावर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर ढाल-तलवार घेतलेले मातीचे मावळे, उतारावर उगवलेले हळीव, आणि महादरवाज्यात गुडघा टेकून, खांद्यावर बाझूका घेऊन बसलेला एक हिरवा प्लास्टिकचा शिपाई. डोक्यावर दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन हेल्मेट. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, "काय रे, हा कुठल्या पलटणीचा?" दादानं शांतपणे सांगितलं, "हा बाहेरून आलाय, मदतीला." विषय संपला.

त्या शिपायाला उलटा केला की पायाखालच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरं दिसायची: मेड इन हाँगकाँग. त्याला चेहरा जवळपास नव्हताच. नाक, डोळे, तोंड सगळं गुळगुळीत. आम्हाला वाटायचं, खेळून खेळून झिजलं असेल. ते तसं नव्हतं, हे फार पुढे कळलं. तो शिपाई जन्मालाच झिजलेला आला होता, कारण तो नक्कल होता. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या शिपायांवरून साचे काढून हाँगकाँगमध्ये असे ढिगानं शिपाई बनत.

ज्यांच्या नकला व्हायच्या, ते मूळ कारखाने आज जवळपास सगळे बंद आहेत. ते कसे उभे राहिले आणि कसे बसले, ते आज सांगतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा. देशी खेळण्यांचा विषय आपल्याकडे सध्या बराच चर्चेत आहे, आणि या गोष्टीत आपल्या कामाचं बरंच काही आहे.

सुरुवात शिशापासून. एकोणिसाव्या शतकात खेळण्यातले शिपाई म्हणजे जर्मनीचा माल. भरीव शिशाचे, जड आणि महाग. म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा खेळ. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन घराण्यानं एक युक्ती काढली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, साच्याला चिकटलेला पातळ थर गोठला की लगेच साचा उलटा करायचा आणि आतलं पातळ शिसं परत काढून घ्यायचं. शिपाई आतून पोकळ. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. उंची ठेवली ५४ मिलिमीटर, म्हणजे तेव्हाच्या खेळण्यातल्या आगगाडीशेजारी शोभेल अशी. पुढे जगभर तेच माप रूढ झालं.

एवढ्या एका युक्तीवर जर्मन मालाची सद्दी मोडली. ब्रिटन्सचे शिपाई हातानं रंगवले जात, आणि रंगवणाऱ्या बहुतेक बायका. काहीजणी काम घरी नेऊन करत. आपल्याकडे बायका घरी पापड लाटून देतात, राख्या करून देतात, तसंच ते.

त्यांच्या मालाच्या यादीत आपल्याकडच्या पलटणीही होत्या बरं का. बॉम्बे लान्सर्सचे फेटेवाले घोडेस्वार शिशाचे होऊन लंडनच्या दुकानात लाल डब्यात बसलेले असत. इथला शिपाई खरोखरच्या लढाईत साम्राज्यासाठी मरत होता आणि तिकडे तोच शिपाई गालिच्यावर खेळला जात होता. विन्स्टन चर्चिलनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की लहानपणी त्याच्याकडे दीड हजाराच्या आसपास शिपाई होते, आणि ती मांडणी वडिलांनी येऊन पाहिली तिथूनच त्याची लष्कराची वाट ठरली. लेखक एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं.

आता प्लास्टिककडे येऊ. पॉलिथिनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर आवरण म्हणून कामाला आलं. युद्ध संपलं आणि हे नवं प्लास्टिक वापरायचं कशाला, असा प्रश्न पडला. उत्तरं निघाली बादल्या, कंगवे आणि खेळणी.

शिशाच्या शिपायाचा हात तुटायचा, मान तुटायची, आणि पोरानं तोंडात घातला तर विष. प्लास्टिकच्या शिपायाला चावा, गच्चीवरून टाका, बादलीत बुडवा, काही होत नाही. १९६६ मध्ये ब्रिटन्सनंही शिशाचे शिपाई बनवणं थांबवलं. पण ते बेसावध नव्हते. त्याच्या आधीच त्यांनी हेरल्ड नावाची प्लास्टिकचे शिपाई बनवणारी छोटी कंपनी आपल्यात घेतली होती, आणि तिच्याबरोबर रॉय सेल्विन-स्मिथ हा शिल्पकारही आला होता. हे नाव लक्षात ठेवा. खेळण्याच्या डब्यावर शिल्पकाराचं नाव कधी छापत नाहीत, पण पोरांना जो शिपाई 'खरा' वाटतो तो अशा एखाद्या माणसाच्या हातामुळे. ब्रिटन्सच्या 'स्वॉपेट' शिपायांची मान फिरायची, कंबर फिरायची, एकाचं डोकं दुसऱ्याला बसायचं. काउबॉयचं पिस्तूल तर म्यानातून बाहेर निघायचं. जेमतेम दोन इंचाच्या माणसात!

दुसरी मोठी कंपनी एअरफिक्स. निकोलस कोव्ह नावाचा हंगेरीचा ज्यू निर्वासित लंडनला आला आणि १९३९ मध्ये त्यानं हवा भरलेली रबरी खेळणी बनवायला सुरुवात केली. युद्धानंतर त्यानं प्लास्टिकचं इंजेक्शन मोल्डिंग मशीन आणलं आणि त्यावर आधी काय बनवलं? कंगवे. काही काळ तो इंग्लंडमधला सगळ्यात मोठा कंगवेवाला होता. मग विमानं-जहाजांची जोडायची मॉडेलं आली, आणि १९५९ पासून जेमतेम इंचभर उंचीचे शिपाई. एका डब्यात चाळीसेक. पोराच्या खाऊच्या पैशात अख्खी पलटण घरी!

तिसरा माणूस अमेरिकेतला, लुई मार्क्स. ब्रुकलिनचा, १८९६ चा जन्म. १९५० च्या दशकात त्याची कंपनी जगातली सगळ्यात मोठी खेळण्यांची कंपनी होती. त्याची खासियत म्हणजे 'प्लेसेट'. एका मोठ्या खोक्यात पत्र्याचा किल्ला, झाडं, घोडे, तोफा आणि दोन्ही बाजूंचे शिपाई. म्हणजे आपला दिवाळीचा किल्लाच, फक्त माती न कालवता. मार्क्स जाहिरातीवर खर्च करायचा नाही. १९५५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं त्याला मुखपृष्ठावर घेतलं तेव्हा असं छापून आलं की कंपनीनं वर्षभरात जाहिरातीवर ३१२ डॉलर खर्च केले. विक्री होती कोट्यवधी डॉलरची. माल स्वस्त आणि टिकाऊ असेल तर दुकानदार स्वतःहून मागवतो, हे त्याचं तत्त्व.

इथे जरा थांबून धंद्याचं गणित बघू. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शिपाई बनवायचा तर आधी शिल्पकार मोठ्या मापात पुतळा घडवतो. त्यावरून लहान मापात पोलादात साचा कोरला जातो. आपल्याकडे वसई-भोसरीच्या शेडमध्ये त्याला 'डाय' म्हणतात आणि ती बनवणाऱ्याला डायमेकर. हे काम वेळखाऊ आणि महागडं. मग ती डाय मशीनवर चढते, प्लास्टिकचा दाणा वितळून दाबानं आत जातो आणि काही सेकंदांत एका झटक्यात शिपायांचा अख्खा झुपका बाहेर पडतो. म्हणजे सगळा खर्च पहिल्या शिपायाला. दहा लाखाव्या शिपायाची किंमत जवळपास फक्त दाण्याची.

आता नक्कल करणारा काय करतो? तो शिल्पकाराला पैसेच देत नाही. बाजारातून तयार शिपाई आणतो आणि त्याच्यावरूनच साचा काढतो. प्लास्टिक थंड होताना थोडं आकसतं, म्हणून नक्कल मूळ शिपायापेक्षा किंचित लहान येते आणि बारकावे पुसले जातात. आमच्या शिपायाला नाक का नव्हतं, ते आता कळलं असेल.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. आम्ही ज्याच्यावर जीव टाकला तो शिपाई चोरीच्या साच्यातला होता. पण मूळ ब्रिटन्सचा किंवा मार्क्सचा शिपाई आमच्या गल्लीत कुणाच्या बापानं आणला असता? जत्रेत पिशवीभर मिळणारा तो हाँगकाँगचा माल नसता तर आमच्यासारख्यांना शिपाईच मिळाला नसता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकदम मनात ठेवायला लागतात.

बरं, मग या नकलेनंच मूळ कारखाने मारले का? सोपं उत्तर 'हो' असं आहे, आणि ते अर्धवट आहे.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. प्लास्टिकचा दाणा तेलातूनच येतो, त्यामुळे ज्या धंद्याचा सगळा आधार स्वस्त दाण्यावर होता त्याचा पायाच हलला. त्याच काळात व्हिएतनामचं युद्ध रोज टीव्हीवर दिसत होतं आणि अमेरिकेतल्या बऱ्याच आईबापांना पोराच्या हातात शिपाई देणं नकोसं झालं. मग १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' आला. आता पोरांना बिननावाचा शिपाई नको होता, सिनेमातलं नाव असलेलं पात्र हवं होतं. पलटण मागे पडली, नट पुढे आले.

पण याच्या जोडीला मालकांनी स्वतः काय केलं तेही बघा.

लुई मार्क्सनं १९७२ मध्ये कंपनी विकली. घेणारी कंपनी ओट्स विकणारी, क्वेकर ओट्स. किंमत पाच कोटी डॉलरच्या वर. चारच वर्षांत, १९७६ मध्ये, क्वेकरनं ती एका इंग्लिश कंपनीला दीड कोटी डॉलरला देऊन टाकली. ती इंग्लिश कंपनीच १९८० मध्ये बुडाली आणि तिच्याबरोबर मार्क्सही. जगातली एके काळची सगळ्यात मोठी खेळणी कंपनी विकल्यापासून आठ वर्षांत संपली. मार्क्स स्वतः १९८२ मध्ये गेला. म्हणजे आपण उभं केलेलं सगळं मोडताना त्यानं जिवंतपणी पाहिलं.

एअरफिक्सची तऱ्हा वेगळी. तिनं उलट दुसऱ्यांना विकत घेतलं. १९७१ मध्ये एक मोठा खेळणी समूह कोसळला, त्यातली मेकॅनो आणि डिंकी ही नामवंत नावं एअरफिक्सनं उचलली. लिव्हरपूलच्या मेकॅनोच्या कारखान्याचं ओझं काही पेलवेना. नोव्हेंबर १९७९ मध्ये तो अचानक बंद केला. शेकडो कामगार रस्त्यावर. त्यांनी कारखान्यातच ठाण मांडलं, पण उपयोग झाला नाही. व्याजदर चढे, पौंड महाग, निर्यात अवघड. जानेवारी १९८१ मध्ये एअरफिक्स स्वतःच दिवाळखोरीत गेली.

बाकीचेही त्याच सुमाराला गेले. एकाच शिपायात अनेक रंगांचं प्लास्टिक ओतण्यात तरबेज असलेली इंग्लंडची टिम्पो १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. जर्मनीत 'एलास्टोलिन' शिपाई बनवणारी हाउसर कंपनी १९८३ मध्ये. ब्रिटन घराण्यानं १९८४ मध्ये आपली कंपनी विकली. नाव पुढे या हातातून त्या हातात फिरत राहिलं, आणि २००५ मध्ये शिपायांचा भाग एका अमेरिकन कंपनीकडे गेला.

म्हणजे बाहेरून नक्कल, तेल आणि टीव्ही, तर आतून अशा मालकांच्या हाती गेलेला धंदा, ज्यांना खेळण्यातलं काही कळत नव्हतं. दोन्ही एकदम आल्यावर कुणीही वाचत नाही.

गंमत अशी की साचे मेले नाहीत. पोलादच ते. एअरफिक्सच्या डाय आधी एका अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेल्या, १९८६ मध्ये हम्ब्रॉल या रंगवाल्या कंपनीकडे आल्या, बरीच वर्षं फ्रान्समध्ये राहिल्या. २००६ मध्ये हम्ब्रॉलही बुडाली, तेव्हा खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या हॉर्नबीनं एअरफिक्स विकत घेतली. जुने शिपाई मग पुन्हा बाजारात आले. घेणारे कोण? पन्नाशी-साठीतले काका. पोरं नव्हेत. जुन्या डब्यातले साठच्या दशकातले शिपाई हातात घेतले तर कधी कधी तुटून पडतात, कारण जुनं पॉलिथिन ठिसूळ होतं. म्हणून नवे घ्यायचे, तेच, त्याच साच्यातले.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या खेळण्यांच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये हिरव्या शिपायांना जागा मिळाली. 'टॉय स्टोरी'मुळे नव्या पिढीलाही ते माहीत आहेत. म्हणजे आठवणींचा बाजार तेजीत आहे. पण जुन्या साच्यातून जुनाच शिपाई काढत राहायचं, याला मी धंदा जिवंत आहे असं म्हणणार नाही.

याला एक छान अपवाद झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या सहा वर्षांच्या एका मुलीनं खेळणी कंपन्यांना पत्रं लिहिली, की शिपायांमध्ये बायका का नाहीत? पेनसिल्व्हेनियातल्या बीएमसी टॉइज या छोट्या कंपनीनं ते मनावर घेतलं आणि नव्यानं पुतळे घडवून शिपाईबायका बाजारात आणल्या. कुणीतरी पुन्हा पहिला पुतळा घडवायला बसलं, हे त्यातलं महत्त्वाचं.

आता आपल्याकडे येऊ.

या साच्यांच्या प्रवासात आपलाही एक मुक्काम आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी फनस्कूल कंपनीनं गोव्यात कारखाना टाकला आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीच्या साच्यांवर जी. आय. जो हे शिपाई भारतात बनू लागले. रंग कधी कधी मूळ शिपायांपेक्षा भलतेच. आज परदेशातले संग्राहक हे भारतीय रंगातले शिपाई शोधत फिरतात. आणि गेल्या काही वर्षांत एअरफिक्सच्या कितीतरी डब्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं दिसतं. ज्या कंपनीचे शिपाई आमच्या बापाला परवडले नसते, तिची मॉडेलं आता आपल्या देशात बनतात.

याला सरकारी धोरणाचाही टेकू मिळाला. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. स्वस्त आणि घातक माल अडवायला हे योग्यच आहे. कुणाला ते जाच वाटेल, कुणाला संधी. त्यावर वाद घालायला माझी हरकत नाही, कमेंटमध्ये घाला.

पण वरची गोष्ट आठवून माझा प्रश्न असा आहे. शुल्क लावून बाहेरचा माल अडवता येतो. मशीन आणता येतं, डायसुद्धा विकत मिळते. पण पहिला पुतळा घडवणारा माणूस? आपला सेल्विन-स्मिथ कोण आहे आणि त्याचं पोट कशावर भरतं?

तो आहे. आपल्या प्रत्येक गावात होता. दिवाळीआधी कुंभारवाड्यात मातीचे मावळे, तोफा, पाणी भरणाऱ्या बायका, गवळणी, वाघ अशी चित्रं करणारा. प्रत्येक मावळ्याची मान थोडी वेगळी वळलेली, कारण ती हातानं वळवलेली. आता बाजारात बहुतेक मावळे प्लास्टर ऑफ पॅरिसचे, साच्यातले, चमकदार रंगाचे. त्यांचे चेहरे बघा एकदा नीट. गुळगुळीत. साच्यावरून साचा, त्याच्यावरून पुन्हा साचा. आमच्या हिरव्या शिपायाचा चेहरा जसा गेला तसाच मावळ्याचाही चाललाय, आणि यावेळी हाँगकाँगला दोष देता येणार नाही.

मी काही 'पूर्वी सगळं छान होतं' म्हणणाऱ्यांतला नाही. स्वस्त चित्रं आली म्हणून आज चाळीतल्या, वस्तीवरच्या पोरांचाही किल्ला भरलेला दिसतो, आणि ते मला आवडतं. पण जो हात पहिला पुतळा घडवतो त्याला चार पैसे जास्त द्यायचे असतात. आपण दिले नाहीत तर पुढच्या वर्षी नक्कल करायलासुद्धा काही उरणार नाही. एवढं मोठे मोठे शहाणे कारखानदार विसरले, आपण तरी विसरू नये.

या दिवाळीत पोरांना घेऊन कुंभारवाड्यात जा. एक मावळा तरी हातानं केलेला आणा. कुणी केला, त्याचं नाव विचारा आणि पोरांना सांगा.

आणि तुमच्याकडे जुने शिपाई असतील, शिशाचे, हिरवे, अगदी बिनाकाच्या डब्यातून निघालेले प्लास्टिकचे प्राणीसुद्धा, तर उलटे करून पट्टीवर काय लिहिलंय ते बघा आणि खाली फोटो टाका. आमचा बाझूकावाला अजून आहे. बाझूका मोडलाय, पण गुडघा टेकून बसलाय. यंदाही महादरवाज्यातच बसेल. शेजारी यावेळी कुंभारवाड्यातला एक नाकवाला मावळा असेल.